नऊ होलचं साधंसुधं मैदान

स्कॉटलंडमधलं मसलबरा हे गाव एडिंबरापासून पूर्वेला जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर, फोर्थच्या खाडीकाठी आहे. (स्पेलिंग वाचून आपण ‘मसलबर्ग’ म्हणू, तिथली माणसं मात्र मसलबराच म्हणतात.) इथे ‘ओल्ड लिंक्स’ नावाचं नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. आमच्या जावईबापूंना गोल्फचं भारी वेड. त्यांच्या मते हे मैदान म्हणजे तासाभरात बघून मोकळं व्हावं असं. मी उभ्या आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, पण पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. तेव्हा नापासाचा शेरा मारण्याआधी पेपर नीट तपासावा, म्हणून सगळं मैदान पायी हिंडलो.

दोष आहेत, ते आधी सांगतो. मैदान सपाट आहे. ‘लिंक्स’ म्हणजे समुद्रकाठची वाळूमिश्रित, शेतीला निरुपयोगी, आखूड गवताची जमीन. तिच्यावरच हा खेळ वाढला. पण चित्रांत दिसतात तशा वाळूच्या टेकड्या इथे नाहीत. वर १८१६ पासून इथे घोड्यांच्या शर्यती होतात. त्यामुळे गोल्फचं मैदान शर्यतीच्या गोलाच्या पोटात सापडलं आहे आणि मध्ये मध्ये पांढरी कठडी आडवी येतात. एकूण लांबी सुमारे २,९०० यार्ड. मोठ्या स्पर्धांची आजची मैदानं अठरा होलची आणि सात हजार यार्डांच्या पुढची. होलची नावंसुद्धा बघा: एक ‘थडगी’, कारण १५४७ च्या पिंकीच्या लढाईतले सैनिक तिथे पुरले असं मानतात. एक ‘मिसेस फोरमन’, कारण त्या बाईंची खाणावळ शेजारी होती आणि खेळणाऱ्यांना खिडकीतून पेय मिळायचं. शेवटचा तर चक्क ‘गॅस’, जवळच्या गॅसच्या कारखान्यावरून!

आता जमेची बाजू. सर जॉन फाउलिस नावाचे एडिंबराचे एक वकील खर्चाची वही फार नेटकी ठेवत. २ मार्च १६७२ ला मसलबराला गोल्फमध्ये पैसे हरल्याची नोंद त्यांनी केली आहे. आपल्याकडे राज्याभिषेकाला अजून दोन वर्षं होती! राणी मेरी इथे १५६७ मध्ये खेळल्याचंही सांगतात, पण ती दंतकथा. मला वहीतला जमाखर्च जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक. विटीदांडूच्या गलीचं माप कोणी ठरवलं आहे का? गोल्फच्या होलचंही पूर्वी तसंच होतं, ज्याला जसा जमेल तसा खणायचा. इथल्या क्लबाकडे १८२९ पासून होल पाडायचं एक अवजार होतं, सव्वाचार इंच व्यासाचं. पुढे तेच माप नियमात आलं. आज जगातल्या प्रत्येक मैदानावर चेंडू सव्वाचार इंचाच्याच होलमध्ये पडतो.

पण माझं मन अडकलं ते कोळणींपाशी. इथल्या कोळणी पाठीवर माशांची टोपली घेऊन एडिंबरापर्यंत चालत जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या पाद्रीबाबांनी, अलेक्झांडर कार्लाइल यांनी, गावची माहिती लिहिली. तीत या बाया सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळत असं ते सांगतात. शिवाय दरवर्षी लग्न झालेल्या विरुद्ध न झालेल्या असा फुटबॉलचा सामना व्हायचा, आणि जिंकायच्या नेहमी लग्न झालेल्याच. (आमच्या सौ. म्हणाल्या, त्यात नवल ते काय!) १८११ च्या नववर्षदिनी क्लबाने खास कोळणींसाठी गोल्फची स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस काय, तर माशांची नवी टोपली. दुसऱ्या-तिसरीला बार्सिलोनाचे रेशमी रुमाल.

हे गावाचं गायरान होतं. एडिंबराहून आलेले श्रीमंत क्लबही त्याच गवतावर खेळत आणि गावचे कारागीरही. ब्रिटिश ओपन इथे सहा वेळा झाली: १८७४, १८७७, १८८०, १८८३, १८८६ आणि १८८९. सहापैकी चार वेळा गावचाच माणूस जिंकला. मंगो पार्क जहाजावरचा खलाशी होता. डेव्हिड ब्राउन छपरं शाकारणारा. बॉब फर्ग्युसन तर १८८०, ८१, ८२ असा सलग तिनदा जिंकला. पुढे टायफॉइडने त्याची तब्येत ढासळली आणि याच मैदानावर तो दुसऱ्यांच्या काठ्या वाहू लागला.

मैदान सोपं होतं का? शेवटच्या स्पर्धेत धाकट्या विली पार्कला ३६ होलना १५५ फटके लागले, म्हणजे होलमागे चारच्या वर. तेही त्या काळच्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूला. त्या नोव्हेंबरातल्या दिवशी खेळ संपेपर्यंत अंधार पडला, रस्त्यावरचे दिवे लागले. गर्दी फार, नऊच होल, सगळ्यांचा त्यावर हक्क. एडिंबराच्या बड्या क्लबाला हे सोसेना. त्याने १८९१ मध्ये म्युअरफील्डला स्वतःचं मैदान केलं आणि १८९२ ची ओपन तिकडेच नेली. मसलबराला ती पुन्हा कधी आली नाही.

जावईबापू म्हणतात, मैदान मागे पडलं. माझं मत वेगळं आहे. ज्या गुणामुळे खलाशी आणि छपरं शाकारणारा इथे खेळ शिकले, त्याच गुणापायी ओपन गेली. मैदान कुणा एकाचं नव्हतं. शंभरातले काही मार्क सौंदर्याचे कापा, पण हे मार्क कापायला मी तयार नाही.

आजही माफक पैसे भरले की इथे कोणालाही खेळता येतं, सभासद असण्याची अट नाही. हौस असेल तर जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात. शर्यतीच्या दिवशी मात्र खेळ बंद, तेव्हा तिकडे असाल तर आधी चौकशी करून जा.