महाग बोर्ड, स्थिर संगणक: एका समजुतीचे खंडन

डेस्कटॉप संगणक जुळवायला निघालेल्या माणसाला लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्यात, पहिला सल्ला मिळतो तो मदरबोर्डविषयी. ‘प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पण बोर्ड भारीतलाच घ्या, म्हणजे मशीन हँग होणार नाही.’ हे सांगणारा कधी दुकानदार असतो, कधी कॉलेजातला जाणता मित्र. हा सल्ला इतका रुळला आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. तो मागायला हवा. बेताच्या उत्पन्नाच्या घरांतले पैसे या सल्ल्यापायी चुकीच्या जागी जातात आणि ज्या स्थैर्यासाठी ते मोजले, ते पदरात पडतेच असे नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. मदरबोर्ड हा संगणकाचा पाया आहे. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड सारे त्याच्यावर उभे. एसएमपीएसकडून आलेल्या १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-एक व्होल्टमध्ये रूपांतर त्याच्यावरच होते. स्वस्त बोर्डात या रूपांतराच्या सर्किटवर काटकसर होते, हीटसिंक गाळला जातो, कॅपॅसिटर हलके पडतात आणि बायोसचे अपडेट लवकर थांबतात. पाया कच्चा तर इमारत कच्ची. म्हणून पायावर काटकसर करू नये.

यातले प्रत्येक विधान कधी ना कधी, कोणत्या ना कोणत्या बोर्डाबाबत खरे होते, हे मी मान्य करतो. माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. पाया मजबूत हवा हे कबूल. पण दोन मजल्यांच्या घराखाली वीस मजल्यांचा पाया घातल्याने घर अधिक मजबूत होते काय?

ही भीती जन्मली कुठे ते पाहू. २००० नंतरची काही वर्षे सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले. ते फुगत, फुटत, गळत. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांनी त्या काळात असे कॅपॅसिटर बदलून कित्येक बोर्ड जगवले, आणि ‘हलका बोर्ड, फुगलेले कॅपॅसिटर’ हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. पण या साथीने बाधित झालेली यंत्रे कोणती होती? डेलचे ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० होते. ॲपलचा आयमॅक जी५ होता. ही काय स्वस्तातली यंत्रे होती? दोष कॅपॅसिटरच्या रसायनात होता, आणि चढ्या किमतीने त्यापासून कोणाचेही रक्षण केले नाही. आज घन पॉलिमर कॅपॅसिटर साध्या बोर्डांवरही सर्रास दिसतात. भीतीचे कारण बरेचसे संपले. भीती तेवढी उरली.

दुसरा दाखला जानेवारी २०११ चा. इंटेलने ६-मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. डिस्क जोडण्याचे ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार कमजोर होत जाणार होते. खर्चाचा अंदाज कंपनीनेच ७० कोटी डॉलर इतका दिला. हा दोष एच६७ मध्ये होता, तसाच उत्साही मंडळी जास्त पैसे मोजून घेत त्या पी६७ मध्येही होता. बोर्डावर हीटसिंक कितीही देखणा असो, त्याखालची चिप तीच होती.

आता पूर्वपक्षाच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येऊ: वीजपुरवठ्याचे सर्किट, म्हणजे व्हीआरएम. येथे विशेषणे पुरणार नाहीत, आकडेच हवेत. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा मध्यमवर्गाने भरभरून घेतलेला प्रोसेसर. मूळ सेटिंगवर तो सॉकेटमधून जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो. दीर्घकाळच्या प्रवाहाची त्याची मर्यादा ६० अँपिअर, क्षणिक प्रवाहाची ९० अँपिअर. बोर्डावर प्रोसेसरसाठी चारच फेज, म्हणजे हा भार वाटून घेणाऱ्या शाखा, आहेत असे धरू. प्रत्येकीच्या वाट्याला सतत १५ अँपिअर येतात, क्षणभर साडेबावीस. मध्यम किमतीच्या आजच्या बोर्डांवरच्या मॉस्फेटची कागदावरची क्षमता सहसा ४० अँपिअरच्या पुढे असते. तापल्यावर ती घटते हे हिशेबात धरले, तरी हा भार त्यांच्या आवाक्यातला आहे. मग सोळा फेजचा बोर्ड या प्रोसेसरला नेमके काय देईल? भार प्रोसेसर ठरवतो. बोर्ड महाग झाला म्हणून प्रोसेसर जास्त अँपिअर मागत नाही. शिवाय खोक्यावर छापलेल्या फेजच्या संख्येवर विसंबता येत नाही. त्यातल्या कित्येक जोडीजोडीने एकाच संकेतावर चालतात.

हाच हिशेब उलटही लागू पडतो, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सोळा कोअरचा रायझन ९ ५९५०एक्स १४२ वॉटपर्यंत जातो. हीटसिंक नसलेल्या ए५२० बोर्डावर तो बसवून नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायला लावला, तर व्हीआरएम तापेल आणि प्रोसेसरचा वेग खाली आणला जाईल. त्या माणसाने वरचा बोर्डच घ्यावा. पण तो का घ्यावा? प्रोसेसरची मागणी मोठी आहे म्हणून. निकष जुळणीचा आहे, किमतीचा नाही.

महाग बोर्ड उलट अस्थिर करू शकतो का? करू शकतो, आणि याचा पुरावा ताजा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॉट. झेड७९० चिपसेटच्या अनेक उंची बोर्डांनी कारखान्यातून येतानाच ही मर्यादा ४०९६ वॉट ठेवली होती. म्हणजे व्यवहारात मर्यादाच नाही. चाचणीच्या तक्त्यात आपला बोर्ड दोन टक्के पुढे दिसावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. खेळ मध्येच बंद पडल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२४ मध्ये इंटेलला बोर्ड बनवणाऱ्यांना मूळ मर्यादा पाळायला सांगावे लागले. पुढे मुख्य कारण प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्ये सापडले. तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्त्या आल्या आणि इंटेलने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. मूळ दोष प्रोसेसरचा, हे निःसंशय. पण त्या काळात महागड्या बोर्डाने ग्राहकाचे संरक्षण केले काय? केले नाहीच, मर्यादा उठवून जोखमीत भर घातली. त्याआधीचे, २०२३ मधले एएमडीचे प्रकरण पाहा. रॅमचा वेग वाढवणारे एक्स्पो प्रोफाइल लावताच काही बोर्ड प्रोसेसरचे एसओसी व्होल्टेज वाजवीपेक्षा वर नेत, आणि प्रोसेसर जळाल्याची उदाहरणे पुढे आली. अखेर एएमडीला १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घालून द्यावी लागली. त्या उदाहरणांत एक्स६७०ई चिपसेटचे, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे बोर्डही होते.

रॅमचे चार स्लॉट हे भारी बोर्डाचे आणखी एक आकर्षण. एएमडीचा स्वतःचा तक्ता पाहावा. रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांवर डीडीआर५-५२०० ची हमी आहे, चार पट्ट्यांवर केवळ ३६०० ची. चारही स्लॉट भरणारा ग्राहक स्थैर्याच्या दृष्टीने खाली उतरतो. दोनच स्लॉटच्या स्वस्त बोर्डात दोन पट्ट्या लावणारा या बाबतीत उलट सुस्थितीत असतो. हेच इतर भागांतही दिसते. एएमडीच्या वरच्या श्रेणीतल्या बहुतेक एक्स५७० बोर्डांवर चिपसेट थंड ठेवायला छोटा पंखा लागे. त्याखालच्या बी५५० वर तो भाग नाही, म्हणजे धुळीने अडकायला एक वस्तू कमी. इंटेलच्या आय२२५-व्ही या अडीच गिगाबिट नेटवर्क चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होता आणि ती प्रामुख्याने चढ्या किमतीच्या बोर्डांवर बसत होती. साध्या बोर्डांवरची रिअलटेकची एक गिगाबिट चिप मुकाट काम करत राहिली.

मग स्थैर्य येते कोठून? खंडन करणाऱ्याने मंडनही केले पाहिजे. प्रोसेसर आधी ठरवावा. त्याची वीजमर्यादा पाहावी आणि त्या मर्यादेला पुरेल असा हीटसिंकसह व्हीआरएम असलेला मधल्या, म्हणजे बी श्रेणीच्या चिपसेटचा बोर्ड घ्यावा. रॅमच्या दोन पट्ट्या एकाच संचातल्या आणि बोर्डाच्या सुसंगतता यादीत असलेल्या घ्याव्यात. जुळणी झाल्यावर बायोस अद्ययावत करून वीजमर्यादा प्रोसेसर कंपनीच्या मूळ आकड्यांवर आहेत का ते तपासावे, आणि रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट चालवावी. बोर्डावर वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घालावेत. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची वाहिनी साधारणपणे ११.४ ते १२.६ यांच्या आतच राहिली पाहिजे. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस भार वाढताच ही रेषा पाळेलच, याची हमी कोण देतो? आपल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग नसलेली पिन कितीतरी घरांत आढळते. तिच्या जोडीला पावसाळ्यात वीज ये-जा करते. अशा घरात तिप्पट किमतीच्या बोर्डापेक्षा धड अर्थिंग आणि एक यूपीएस अधिक उपयोगी ठरतात. हँग होणाऱ्या मशीनचा बोर्ड बदलण्याआधी हे तपासणारे किती जण आहेत?

एक शेवटचा आक्षेप उरतो: ‘पुढे अपग्रेड करायचे तर महाग बोर्डच टिकतो.’ ए३२० हा २०१७ चा, एएम४ सॉकेटवरचा तळाचा चिपसेट. २०२२ मध्ये एएमडीने त्यावर रायझन ५००० मालिकेला पाठिंबा दिला. ज्या उत्पादकांनी बायोस पुरवला, त्यांच्या या सर्वांत स्वस्त बोर्डांवर रायझन ७ ५८००एक्स३डी चालला. त्याच सुमाराचे इंटेलचे झेड२७० बोर्ड त्याहून बरेच महाग. पण २०१७ च्याच अखेरीस आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांना ते अधिकृतपणे चालले नाहीत. बोर्डाचे आयुष्य सॉकेटच्या धोरणाने ठरले, किमतीने नाही. एवढे मात्र सांगायला हवे की काही कंपन्या स्वस्त बोर्डांचे नाव तेच ठेवून आतले सर्किट बदलतात. तेव्हा परीक्षण वाचून बोर्ड निवडला असेल, तर दुकानात खोक्यावरचा रिव्हिजन क्रमांक त्या परीक्षणातल्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.