केंद्रीय स्पर्धा परीक्षांतील इंग्रजी: उतारा, सारांशलेखन आणि व्याकरणाची तयारी

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची प्रश्नपत्रिका 300 गुणांची असते. हे गुण अंतिम गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. मात्र किमान 25 टक्के, म्हणजे 75 गुण मिळाले नाहीत, तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांच्या सातही उत्तरपत्रिकांतील गुण विचारात घेतले जात नाहीत. भारतीय भाषेच्या प्रश्नपत्रिकेलाही हाच नियम लागू आहे. प्रश्नांचा दर्जा दहावीच्या समकक्ष असल्याचे अभ्यासक्रमातच नमूद असल्यामुळे अनेक उमेदवार या विषयाकडे परीक्षेच्या तोंडावर वळतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना ही बेफिकिरी विशेष महागात पडू शकते.

इंग्रजीला परीक्षेत किती वजन असावे, हा वाद जुना आहे. इंग्रजीचे गुण गुणवत्तेसाठी मोजण्याचा 2013 मधील निर्णय संसदेतील आणि बाहेरील विरोधानंतर मागे घेण्यात आला. पुढच्याच वर्षी पूर्व परीक्षेतील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून दिल्लीत आंदोलन झाले आणि त्या प्रश्नांचे गुण न धरण्याचे ठरले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक स्वरूपात मराठी आणि इंग्रजी या 300 गुणांच्या प्रश्नपत्रिका अर्हताकारी ठेवल्या असून तेथेही 25 टक्क्यांची अट आहे.

केंद्रीय आयोगाच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत साधारणतः निबंधाला 100, उताऱ्यावरील प्रश्नांना 75, सारांशलेखनाला 75 आणि व्याकरण व शब्दसंपत्तीला 50 गुण असतात. म्हणजे अर्धे गुण केवळ दिलेला मजकूर नीट वाचण्यावर अवलंबून आहेत.

उताऱ्यासाठी प्रथम प्रश्न वाचावेत की उतारा, यावर शिकवणी वर्गांत बरेच मतभेद आहेत. वर्णनात्मक उत्तरे लिहायची असतील, तर आधी उतारा एकदा सलग वाचणेच श्रेयस्कर, कारण लेखकाचे प्रतिपादन कोठे वळते हे तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ‘हाउएव्हर’, ‘यट’, ‘नेव्हरदलेस’ असे शब्द आले की वळण आले, असे समजावे. त्यापुढील वाक्यात बहुधा लेखकाचे स्वतःचे मत असते. उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यावे. उताऱ्यातील वाक्य जसेच्या तसे उतरवल्यास आकलन सिद्ध होत नाही.

सारांश मूळ मजकुराच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचा आणि स्वतःच्या शब्दांत अपेक्षित असतो. शीर्षक देऊ नये, अशी सूचना असते. शाळेत शीर्षक देण्याची सवय लागलेले उमेदवार येथे हमखास चुकतात. प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका वाक्यात लिहावा, उदाहरणे व पुनरुक्ती गाळावी, मग ती वाक्ये जोडावीत. वर्तमानपत्रातील अग्रलेख घेऊन आठवड्यातून दोनदा हा सराव केला, तर दोनतीन महिन्यांत फरक जाणवू शकतो.

वस्तुनिष्ठ परीक्षांचे गणित वेगळे आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 100 प्रश्नांना 60 मिनिटे मिळतात; त्यांपैकी 25 प्रश्न इंग्रजीचे. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे 45 प्रश्न 135 गुणांसाठी असतात आणि चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे झाकून निवड केल्यास सरासरी लाभ शून्य. परंतु एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर उत्तर देणे फायद्याचे ठरते. आकलनाच्या प्रश्नांत असा पर्याय ओळखणे अवघड नसते: ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असे टोकाचे शब्द असलेली विधाने आधी उताऱ्याशी ताडून पाहावीत. पर्यायातील विधान वस्तुतः खरे असूनही उताऱ्यात नसेल, तर ते उत्तर नव्हे.

व्याकरणात मराठी भाषकाच्या चुका बऱ्याच अंशी मराठीतूनच येतात, आणि त्या ओळखीच्या आहेत. ‘2020 पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीत ‘पासून’ चालते. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ लागते. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे वाक्य इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात बसत नाही, तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे. ‘त्याच्याशी लग्न झाले’ मधला ‘शी’ ‘मॅरीड विथ’ लिहायला लावतो, वास्तविक ‘मॅरीड टू’ योग्य. ‘विषयावर चर्चा’ असे मनात असल्याने ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटते.

अप्रत्यक्ष कथनही असेच फसवे आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ यात ‘की’ नंतर बोलणाऱ्याचे मूळ शब्द तसेच राहतात. इंग्रजीत मात्र ‘मी’चा ‘तो’ होतो, काळ मागे सरकतो आणि ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ होते.

‘रामाने पोळी खाल्ली’, ‘रामाने आंबा खाल्ला’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते कर्त्यालाच बांधलेले असते. म्हणून ‘वन ऑफ द बॉईज’ नंतर एकवचनी क्रियापद येते, कारण कर्ता ‘वन’ आहे. (ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात.)

मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांचा गोंधळ सर्वाधिक. येथे देवनागरी लिपी मात्र मदतीला येते. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. शब्द देवनागरीत लिहून पाहावा: ‘ऑनेस्ट’ आणि ‘अवर’ स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’, ‘युनिव्हर्सिटी’ य या व्यंजनाने आणि ‘वन-रुपी नोट’ व ने, म्हणून ‘अ’. ‘ॲन एम. ए.’ का बरोबर, हेही यातून उमगते. ‘द’ला असा सोपा उपाय नाही, तो वाचनानेच अंगवळणी पडतो.

व्याकरणासाठी रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले आहे. स्वाध्यायासाठी रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ अधिक सुटसुटीत. शब्दसंग्रहासाठी नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ बहुतेकांच्या टेबलावर असते, पण त्यातील शब्द वाचनात पुन्हा भेटले नाहीत तर टिकत नाहीत. तिन्ही पुस्तके एकाच वेळी हाती घेण्याऐवजी एक पूर्ण करावे आणि उरलेला वेळ आयोगाच्या संकेतस्थळावरील जुन्या प्रश्नपत्रिकांना द्यावा. त्या विनामूल्य आहेत आणि तीन तासांचे घड्याळ लावून सोडवल्यास आपले 75 गुण होतात की नाहीत, याचा अंदाज घरीच येतो.