काजळी, डांबर आणि धोतराची गाठ : त्वचेच्या कर्करोगाचा शोध अनेक हातांनी कसा लागला

१/
धोतर किंवा लुगडे कंबरेला जिथे वर्षानुवर्षे आवळले जाते, तिथे त्वचेवर एक पट्टा उमटतो. घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर तो असतो आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. १९४५ साली मुंबईतील दोन संशोधकांनी त्याकडे पाहिले आणि विचारले : कर्करोग नेमका इथेच का? हाच प्रश्न त्यांच्या १७० वर्षे आधी लंडनमध्ये एका शल्यविशारदाने विचारला होता. त्या एका प्रश्नाच्या प्रवासाची ही कथा.

२/
अठराव्या शतकातील लंडन. घराघरांत कोळशाच्या शेगड्या आणि त्यांवर अरुंद, वळणावळणाची धुराडी. त्यांत प्रौढ माणूस शिरू शकत नसे. म्हणून गरिबांची आणि अनाथ मुले लहान वयातच या कामाला जुंपली जात. कोपरे आणि गुडघे टेकत, कित्येकदा उघड्या अंगाने, ती वर चढत. रात्री झोपायला काजळीचीच पोती. आंघोळ क्वचितच. काजळी कातडीच्या घड्यांत मुरून राही.

३/
यांतील काही मुले मोठी झाल्यावर त्यांच्या अंडकोशाच्या त्वचेवर एक चामखीळ येई आणि तिचा पुढे चिघळणारा व्रण होई. धंद्यातील लोक तिला 'काजळीची चामखीळ' म्हणत. वैद्यमंडळी मात्र तो गुप्तरोग समजून पाऱ्याची औषधे देत. रोग वाढत राही आणि रोग्याच्या वाट्याला बदनामीही येई.

४/
१७७५ साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी या रोगावर एक छोटे प्रकरण लिहिले. हा गुप्तरोग नसून कर्करोग आहे आणि त्याचे कारण त्वचेच्या सुरकुत्यांत साचणारी काजळी आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. पेशींचे शास्त्र तेव्हा जन्मलेलेही नव्हते. त्यांच्याजवळ होती फक्त तीन निरीक्षणे : रोग्याचा धंदा, व्रणाची जागा आणि रोग दिसू लागण्याचे वय. कर्करोगाचा संबंध एखाद्या धंद्याशी जोडणारे हे पहिले निदान मानले जाते.

५/
आता कारण कळले होते. पण कारण कळणे आणि मुले वाचणे यांत फार मोठे अंतर होते. १७८८ च्या ब्रिटिश कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास मनाई केली. पण अंमलबजावणीची यंत्रणाच नव्हती. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी घातली. तीही कागदावरच राहिली. धुराडी झाडायला लांब दांड्याचे ब्रश उपलब्ध होते. पण अनेक घरमालकांना मूलच अधिक सोयीचे वाटे.

६/
फेब्रुवारी १८७५. केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले. तो वाचला नाही. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने नवा कायदा झाला. धुराडी झाडणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून दरवर्षी परवाना घेणे सक्तीचे झाले आणि मुलांचे चढणे खऱ्या अर्थाने थांबले. पॉट यांच्या लेखनाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

७/
चढणारी मुले गेली. पण ब्रशने धुराडी झाडणाऱ्या प्रौढांत हा रोग टिकून होता. युरोपातील इतर देशांत मात्र तो जवळजवळ दिसत नसे. असे का? पॉट यांच्याच रुग्णालयातील शल्यविशारद हेन्री बटलिन यांनी हा भेद तपासला आणि १८९२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जर्मनीसारख्या देशांतील कामगार अंगासरशी बसणारे, काजळी आत शिरू न देणारे कपडे घालत आणि नियमित अंग धूत. इंग्लंडमध्ये कपडे ढगळ आणि धुण्याची सवय कमी. काजळी दोन्हीकडे होती. फरक होता तिच्यापासून राखलेल्या अंतराचा.

८/
एवढे असूनही एक दुवा गहाळ होता. काजळी आणि कर्करोग एकत्र दिसतात हे खरे. पण काजळीमुळेच कर्करोग होतो हे सिद्ध कसे करायचे? अनेकांनी प्राण्यांच्या त्वचेवर डांबर लावून पाहिले. काहीच झाले नाही, म्हणून प्रयोग सोडून दिले. त्यांच्याजवळ डांबर होते, प्राणी होते. पण पुरेसा धीर नव्हता.

९/
तो धीर टोकियोत सापडला. कात्सुसाबुरो यामागिवा हे बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्शो यांच्या हाताखाली शिकून आलेले विकृतिशास्त्रज्ञ. त्वचेला दीर्घकाळ होणाऱ्या त्रासातून कर्करोग उद्भवतो, हा विचार त्यांनी तिथून आणला होता. त्यांचे सहकारी कोइची इचिकावा पशुवैद्यक शिकलेले. प्राणी कसे जगवायचे हे जाणणारे. सशांच्या कानांच्या आतल्या बाजूला ते दोन-तीन दिवसांआड कोळशाचे डांबर लावत राहिले. आठवडे गेले, महिने गेले. स्वतः यामागिवा क्षयाने आजारी होते.

१०/
१९१५ मध्ये त्या कानांवर कर्करोग उमटला. रसायन लावून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करता येतो, हे प्रथमच निर्विवाद दिसले. यामागिवांनी त्या आनंदात एक हायकूही लिहिली. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही. १९२६ सालचे वैद्यकाचे नोबेल डेन्मार्कचे योहानेस फिबिगर यांना, कृमींमुळे उंदरांत कर्करोग होतो या निष्कर्षासाठी देण्यात आले. तो निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. सशाचा कान खरा ठरला.

११/
पुढचा प्रश्न : डांबरात शेकडो द्रव्ये असतात; त्यांतले गुन्हेगार कोणते? लंडनच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत अर्नेस्ट केनवे यांनी हा शोध हाती घेतला. हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हते. म्हणून त्यांच्यासोबत रसायनशास्त्रज्ञ जेम्स कुक होते, भौतिकशास्त्रज्ञ विल्यम मेनॉर्ड होते आणि वर्णपटाचा अभ्यास करणारे इझ्राएल हीगर होते.

१२/
त्यांना सापडलेला माग प्रकाशाचा होता. कर्करोग घडवणारी डांबरे अतिनील किरणांखाली एका विशिष्ट रीतीने चमकतात आणि त्यांच्या वर्णपटात ठरावीक पट्टे दिसतात, हे हीगर यांच्या ध्यानात आले. त्या खुणेच्या आधारे १९३० मध्ये प्रयोगशाळेत बनवलेले एक शुद्ध रसायन कर्करोगकारक असल्याचे या गटाने दाखवले. मग त्यांनी गॅसच्या कारखान्यातील तब्बल दोन टन डांबरी गाळ घेतला आणि तो पुन्हा पुन्हा शुद्ध करत नेला. १९३३ मध्ये त्यातून हाती आले पिवळसर स्फटिक : बेन्झोपायरीन. हेच द्रव्य काजळीत असते आणि तंबाखूच्या धुरातही.

१३/
पॉट ते बेन्झोपायरीन : १५८ वर्षे. एका शल्यविशारदाने जागा हेरली, दुसऱ्याने देशांची तुलना केली, एका विकृतिशास्त्रज्ञाने पशुवैद्यकाच्या साथीने कारण सिद्ध केले आणि रसायन व भौतिकशास्त्राच्या जाणकारांनी द्रव्य वेगळे काढले. यांतल्या कोणा एकाकडे संपूर्ण उत्तर नव्हते. आणि या साखळीची पहिली कडी होते ते कामगार, ज्यांनी त्या चामखिळीला काजळीचे नाव आधीच दिले होते.

१४/
पण त्वचेचा प्रत्येक कर्करोग काजळीतून येत नाही. काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीत लोक फेरनच्या आत निखाऱ्यांचे मातीचे भांडे, म्हणजे कांगडी, पोटाशी धरतात. तेथील मिशन दवाखान्यात काम करणारे डॉ. विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये पोटावर आणि मांड्यांवर आढळणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे श्रीनगरचे डॉ. अर्नेस्ट नीव यांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास करून तो कांगडीच्या रोजच्या शेकाशी जोडला. इथेही जागेनेच कारण सांगितले.

१५/
आता मुंबई. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण या एका इमारतीत येत. वेगवेगळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि पेहरावांच्या लोकांची शरीरे एकाच सूक्ष्मदर्शकाखाली येत. खानोलकरांनी त्यात एक संधी ओळखली : कोणत्या समाजात कोणता कर्करोग, आणि शरीरावर नेमका कुठे?

१६/
१९४५ मध्ये खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी एका अमेरिकी नियतकालिकात भारतीय रूढींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रकार 'धोती कॅन्सर' या नावाने वैद्यकीय वाङ्मयात रुजला. कंबरेला घट्ट आवळलेले धोतर रोज त्याच जागी काचते. तेथील त्वचा जाड होते, तिचा रंग बदलतो, ती सोलवटते. आणि काहींच्या बाबतीत त्या जागी कर्करोग होतो.

१७/
काचण्याने असे का व्हावे? १८२८ मध्ये फ्रेंच शल्यविशारद झाँ-निकोलस मार्जोलिन यांनी जुन्या व्रणांच्या जागी उद्भवणाऱ्या चिघळत्या वाढीचे वर्णन केले होते. जखम होते, भरते, पुन्हा उघडते. दर वेळी ती भरून काढण्यासाठी पेशी विभागतात. हे चक्र वर्षानुवर्षे चालले, तर एखाद्या पेशीचे विभाजन ताळतंत्र सोडते. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरेच रक्षण करते आणि त्यामुळे गोऱ्या लोकांत आढळणारे त्वचेचे कर्करोग इथे कमी दिसतात. पण काचणाऱ्या गाठीपुढे मेलॅनिनचा उपाय चालत नाही.

१८/
हा इतिहास जुना झालेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची प्रकरणे एकत्र मांडली. एकीच्या कुशीवर, परकराची नाडी बांधली जाई त्या जागी, दीड वर्ष न भरणारा व्रण होता. दुसरी चाळीस वर्षे परकराशिवाय, कंबरेला आवळून लुगडे नेसत आली होती. दोघींनाही मार्जोलिनच्या व्रणातून झालेला कर्करोग होता. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील ग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

१९/
अशा कर्करोगाला पूर्वी 'साडी कॅन्सर' म्हटले जाई. या डॉक्टरांनी लक्ष वेधले ते नाडीकडे. दोष साडीचा नाही, तिच्या नऊ वारांचाही नाही. दोष एकाच जागी, रोज, तेवढ्याच ताकदीने आवळण्याचा आहे. उपायही म्हणूनच साधे आहेत : नाडी सैल बांधावी, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी वापरावी, बांधण्याची जागा बदलावी, त्वचा सोलवटली असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत तिथे काही आवळू नये. आणि आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी. हा कर्करोग डोळ्यांना दिसतो; लवकर दाखवला, तर शस्त्रक्रियेने तो काढता येतो.

२०/
पॉट यांच्या लेखनानंतर धुराड्यातील मुलांना शंभर वर्षे वाट पाहावी लागली, कारण ज्ञान ग्रंथात होते आणि मुले धुराड्यात. खानोलकरांचा निबंध आणि वर्ध्याच्या रुग्ण यांच्यात जवळपास ऐंशी वर्षांचे अंतर आहे. कंबरेवरचा पट्टा आजी कोणाला दाखवत नाही. ती त्यावर खोबरेल तेल लावते आणि दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथेच बांधते. या संशोधनाची शेवटची कडी अजून जोडायची आहे, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या कोणीतरी तिला एकदा विचारावे लागते : तिथे दुखते का?