अकीक : पैठणची वाट, खंभातचे कारागीर

संग्रहालयाच्या खनिज विभागात पट्ट्यापट्ट्यांचा, कापून चकचकीत केलेला एक दगड बहुधा असतोच. हा अकीक. गुजरातेत स्थायिक झालेल्या आपण मराठी मंडळींनी त्याच्यापाशी थोडे थांबावे, कारण तोही दोन्ही प्रांतांचा आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला; आपला सह्याद्री त्याचाच. थिजलेल्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले. तेच हे पट्टे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण हे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तेथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून, आडवाटेने, भडोच बंदरात येत. पैठणी घरोघरी ठाऊक आहे, पण पैठणच्या या दगडाची आठवण कोणी काढत नाही!

भडोचचे बंदर मागे पडले, धंदा मात्र खंभातला टिकला. कच्चा माल मुख्यतः झगडियाजवळच्या रतनपूरचा. तो उन्हात वाळवून मातीच्या मडक्यांत भाजतात; दगडातल्या लोहामुळे त्याला लाल रंग चढतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकतो. ढलपी उडते, मणी आकार घेतो. भोक पाडायला कमानीचा सामता, टोकाला हिऱ्याची कणी. खंभातपासून फार लांब नसलेल्या लोथल येथे हडप्पाकालीन मण्यांचा कारखानाच सापडला आहे. सिंधू संस्कृतीचे लाल मणी तर इराकमधील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोहोचले होते. म्हणूनच वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलदीप भान आणि अमेरिकेचे मार्क केनॉयर यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ पुस्तके मिटून खंभातच्या कारागिरांपाशी बसले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचा मणी कसा घडला असेल, हे त्यांना या हातांवरून ताडायचे होते.

या हातांचे पुढे काय होते, तेही लिहिले पाहिजे. दगड चाकावर घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात रुतून बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर उतारा नाही. वर क्षयाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांच्या तपासण्या केल्या, धूळ ओढून घेणारी यंत्रेही सुचवली. पण काम बहुतेक घरातच चालते. त्यामुळे ज्यांनी कधी चाकाला हात लावला नाही, त्या बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासातही तीच धूळ जाते.