कर्नलच्या प्रश्नावलीतला इतिहास

संगणकाचा इतिहास लिहिताना आपण सहसा कंपन्यांच्या जाहिराती, पेटंटे, संस्थापकांच्या आठवणी अशी साधने वापरतो. गेली काही वर्षे मी एक वेगळेच साधन वाचतो आहे. लिनक्स या कार्यप्रणालीचा कर्नल बांधण्याआधी बांधणाऱ्याला जे प्रश्न विचारले जातात, ती प्रश्नावली. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांचा सगळा कारभार त्याच्याकडे. तो कोणत्या यंत्रासाठी घडवायचा हे आधी सांगावे लागते. या प्रश्नावलीच्या निरनिराळ्या काळातल्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, की कोणते यंत्र कधी घरात आले आणि कधी उंबऱ्याबाहेर गेले ते दिसू लागते.

सुरुवातीला प्रश्नावली नव्हतीच. हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने जानेवारी १९९१मध्ये इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली. सारी मिळून दहा हजारांच्या आसपास ओळी. त्यात एक छोटी फाइल आहे. तिच्यात हार्ड डिस्कची दोन वर्णने आहेत. एकाला नाव ‘लिनस’, दुसऱ्याला ‘लासू’. ज्याचे यंत्र वेगळे, त्याने ती ओळ स्वतः बदलायची. कळफलक फिनिश. फ्लॉपीची सोय नाही. पुढे जगभर पसरलेल्या या कार्यप्रणालीचा पहिला मसुदा असा घरच्या वहीसारखा आहे, आणि मला तो त्यामुळेच विश्वासार्ह वाटतो.

यंत्रे वाढली तसे प्रश्न आले. पडद्यावर एकामागून एक ओळ उमटे, आपण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. मागे जायची सोय नव्हती. चुकले की पुन्हा श्रीगणेशा. प्रत्येक प्रश्नाला जोडून मदतीचा मजकूर असे आणि तोच खरा ऐवज आहे. उदाहरणार्थ, गणिताच्या अनुकरणाचा प्रश्न. ३८६मध्ये अपूर्णांकी गणिताची व्यवस्था नव्हती, त्यासाठी ३८७ ही वेगळी चिप विकत घेऊन बसवावी लागे. ती नसेल तर तिचे काम प्रोग्रामने करायचे. ऑस्ट्रेलियातल्या बिल मेत्सेनथेन यांनी हे अनुकरण लिहिले. चिपही नाही आणि अनुकरणालाही ‘नाही’ म्हटले, तर कर्नल सुरू होतानाच तसे सांगून हात टेकतो.

३८६चा दुसरा दोष याहून खोल होता. दोन प्रोग्रामांना स्मृतीचे एकच पान वाटून द्यायचे आणि त्यावर ‘लिहिण्यास मनाई’ अशी खूण करायची, ही जुनी काटकसर. कोणी लिहू गेला, की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो आणि कर्नल त्याला वेगळी प्रत काढून देतो. पण स्वतः कर्नलच लिहीत असेल, तर ३८६ ती मनाई मोजतच नसे. दाराला कुलूप, पण कारभाऱ्यासाठी ते नेहमी उघडे, असा प्रकार. म्हणून असे लिहिण्यापूर्वी ते पान कर्नलला स्वतः तपासून घ्यावे लागे. १९८९च्या ४८६ने ही उणीव भरून काढली. तरी पुढे कितीतरी वर्षे कर्नल सुरू होताना प्रोसेसर मनाई पाळतो की नाही, याची परीक्षा घेई आणि निकाल पडद्यावर छापत असे.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून मी एक ३८६ मिळवला आहे, चार मेगाबाइट स्मृतीचा. त्यावर १९९६ची २.० ही आवृत्ती चालते. ती बांधायला आजचा कंपायलर उपयोगाचा नाही. त्या काळचाच लागतो, म्हणून नव्या संगणकात जुना संगणक भासवून त्यात बांधणी करतो. मग काटछाट. स्कझी डिस्क? नाही. ध्वनी? नाही. जे बांधाल ते स्मृतीत जागा अडवणार, आणि इथे एकेक किलोबाइट मोलाचा. नेटवर्क कार्डाची गंमत निराळीच. त्या काळची कार्डे स्वतःची ओळख सांगत नसत. कार्डावरचा जंपर बघून पत्ता आणि इंटरप्टचा क्रमांक आपणच कर्नलला कळवायचा. कर्नलला चाचपडत शोधू दिले, तर त्याच पत्त्यावरचे भलतेच कार्ड दुखावून सारे यंत्र गोठण्याची भीती. मदतीच्या मजकुरात या धोक्यांच्या सूचना जागोजागी आहेत. कोणाचे तरी यंत्र गोठल्याशिवाय अशी सूचना लिहिली जात नाही.

इंटेलने ३८६चे उत्पादन २००७पर्यंत चालू ठेवले होते, पण घराघरांतून तो केव्हाच गेला होता. डिसेंबर २०१२मध्ये इंगो मोल्नार याने ३८६चा आधार काढून टाकणारा बदल पुढे केला आणि टोरवाल्ड्‌सने तो स्वीकारला. फेब्रुवारी २०१३ची ३.८ ही आवृत्ती ज्या जातीच्या यंत्रावर लिनक्स जन्मले त्या जातीवर चालत नाही. टोरवाल्ड्‌सला याची हळहळ नव्हती. त्याचे कारणही रास्त होते. ४८६मध्ये आलेल्या काही आज्ञा ३८६ला ठाऊक नव्हत्या, आणि त्या एका यंत्रापायी नव्या कामात पुन्हा पुन्हा अडथळा येत होता.

संहिता मात्र नष्ट झाली नाही. जुन्या आवृत्त्या जपलेल्या आहेत. मला काळजी वेगळी वाटते. पुण्यात पेशवे दफ्तरातले रुमाल सुरक्षित आहेत, पण मोडी वाचणारे मोजके. इथेही संहिता आहे, ती बांधणारा जुना कंपायलर शोधावा लागतो, चालवायला यंत्र लागते, आणि जंपर म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस लागतो. आभासी यंत्रावर काम भागते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण भासवलेले यंत्र त्याच्या कर्त्याला जेवढे दोष माहीत होते तेवढेच दाखवते. जुन्या कार्डाच्या खोड्या त्यात नसतात.

२०२५मध्ये मोल्नारनेच ४८६लाही निरोप देण्याचा प्रस्ताव मांडला. मेत्सेनथेन यांचे गणिताचे अनुकरण काढून टाकणे हाही त्याच प्रस्तावाचा भाग आहे. मी त्या अनुकरणाच्या फाइली आणि २.०मधला मदतीचा सगळा मजकूर कागदावर छापून बांधून घेतला आहे. समासात कोणती ओळ कोणत्या चिपमुळे आली, ते पेन्सिलीने लिहीत असतो. सध्या डिस्कच्या प्रकरणापर्यंत आलो आहे.