पैसे कुठे जास्त उरतात?

दहावीचा निकाल जवळ आला की वर्गातली दोन-चार पोरं हमखास थांबतात आणि विचारतात, "सर, सौदी बरं की दुबई? पैसे कुठे जास्त उरतात?" कोणी कुवेत म्हणतो, कोणी कतार. मी भाषेचा शिक्षक, व्हिसाचा एजंट नाही. पण हा प्रश्न भाट्येच्या खाडीइतकाच आमच्या ओळखीचा आहे. पणजोबांनीही तो विचारला असणार. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

आमच्या लोकांनी पैसे साठवायला पहिला निवडला तो देश नव्हताच. तो होता समुद्र. रत्नागिरी जिल्ह्यात भातशेती एका पिकाची, जमीन खोताची आणि तोंडं जास्त. कोकणी मुसलमान दर्यावर्दी, त्यामुळे मुंबईहून आगबोटीवर खलाशी म्हणून नोकरी धरणं हा सरळ मार्ग होता. पगार किती? गोऱ्या खलाशाच्या पगाराचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी खलाशांनी ठिकठिकाणच्या बंदरांत संप केले आणि त्यानंतर पगार वाढले. तरीही लोक बोटीवर जात, कारण जेवण आणि झोपायची जागा बोटीची. भर समुद्रात खर्चायला दुकान नाही. सफर संपली की रक्कम एकदम हाती येई. पगार थोडा असूनही शिल्लक पडते ती अशी.

त्याच काळात काही जण दक्षिण आफ्रिकेला गेले. हे गिरमिटिये नव्हते, स्वतःचं तिकीट काढून गेलेले होते. केपटाऊनमध्ये 'कोकणी' म्हणून ओळखला जाणारा मुस्लिम समाज आजही आहे. किराणा दुकानात नोकरी करायची, मागच्या खोलीत राहायचं आणि पैसे गावी पाठवायचे, असा त्यांचा क्रम. बायका-मुलं गावीच. पण १९०२ आणि १९०६ च्या कायद्यांनी केपचं दार अरुंद केलं. गावी यायचं तर परवाना काढून यायचं आणि मुदतीत परतायचं, नाहीतर परतीची वाट बंद. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला दार जवळजवळ बंदच झालं. पगार चांगला होता, पण गावी येणं-जाणं दुसऱ्याच्या हातात गेलं. आमच्या घराण्यातले एक आजोबा तिकडेच राहिले. त्यांच्या बायकोने भाट्येत चाळीस वर्षं मनिऑर्डरची वाट पाहिली. आधी मनिऑर्डर येत होती, मग तीही थांबली.

नंतर आखात आलं. ही गोष्ट पोरांना सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात. एके काळी कुवेत, बहारीन, कतार, दुबई या सगळीकडे भारताचा रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने तिथल्यासाठी वेगळा 'आखाती रुपया' छापला. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला, भाव होता सव्वातेरा रुपयांहून थोडा जास्त. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला आणि दिनार २१ रुपयांवर. म्हणजे कुवेतमध्ये दहा दिनार शिल्लक टाकणारा माणूस आदल्या दिवशी गावी १३३ रुपये पाठवत होता, तो दुसऱ्या दिवशी २१० पाठवू लागला. त्याने ना जास्त काम केलं, ना कमी खाल्लं. कतार आणि दुबईनेही त्याच वर्षी आखाती रुपया सोडला. पुढे १९७३ साली तेलाचे भाव भडकले, बांधकामं निघाली आणि आमच्या गावागावातून माणसं आखातात निघाली. आज दिनार अडीचशे रुपयांच्या वर आहे.

माझे अब्बा १९७२ साली कुवेतला गेले. आठ जणांची खोली, सामाईक मेस, सगळे आसपासच्या गावांतले. खोलीत ओळखीची माणसं असली की खर्च निम्म्यावर येतो, आणि आजारी पडलं तर कोणीतरी पाणी देतं. दर दोन वर्षांनी ते दोन महिने घरी येत. मी एकदा हिशेब केला. अठरा वर्षांत ते आमच्यासोबत अठरा महिने होते.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. अब्बांची सवय होती की पैसे जवळ साठवायचे आणि सुट्टीला येताना एकदम ड्राफ्ट काढायचा. तो दिनार कोणी घेईना. त्यांच्या खोलीतले एक चाचा दर महिन्याला ड्राफ्ट पाठवत, त्यांचं घर तोवर उभं राहिलं होतं. एअर इंडियाने अम्मानहून लाखाहून जास्त भारतीयांना परत आणलं, त्यांत अब्बाही होते. हातात एक पिशवी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि टेपरेकॉर्डर का आणला नाही म्हणून रुसलो होतो. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

म्हणून पोरांना मी देशाचं नाव सांगत नाही. फळ्यावर हिशेब मांडायला लावतो. पगारातून खोली, जेवण आणि फोनचे पैसे वजा करा. एजंटला दिलेलं कर्ज किती महिन्यांत फिटेल ते लिहा. जेवण-राहणं मालकाचं की आपलं, ते करारात बघा. आखातात पगारावर आयकर नाही, पण बाकीचे नियम बदलतात. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल लावले आणि २०२० पर्यंत ते ४०० वर नेले. तेव्हा किती कुटुंबं गावी परतली, ते आमच्या शाळेच्या पटावरही दिसलं. आणि दहावी पास व्हा. १९८३ च्या कायद्याखाली दहावी न झालेल्याला आखातासह काही देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, पास झालेल्याला लागत नाही.

फळ्यावर शेवटचा रकाना मी घरी किती महिने राहणार याचा ठेवतो. गेल्या वर्षी एका मुलाने तो भरलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, माझे पप्पा पण दुबईलाच आहेत. त्यांना विचारून उद्या लिहितो."