प्रारंभिक पदार्थविज्ञानाची नियमपत्रिका : हार्वर्ड विद्यापीठातील अनुभव (१८८६–२०१९)

विद्यापीठातील प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या नियमपत्रिकेकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. उपस्थिती किती असावी, प्रयोगवही केव्हा सादर करावी, गुणांची वाटणी कशी व्हावी, अशा व्यावहारिक सूचनांचाच तिच्यात भरणा असतो. परंतु अभ्यासक्रमाच्या आरंभी विद्यार्थ्याच्या हाती पडणारा हा कागद म्हणजे ‘विषय येणे’ या शब्दांचा त्या संस्थेने लावलेला अर्थच होय. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने पदार्थविज्ञानाच्या नवशिक्या विद्यार्थ्याकडून १८८६ पासून कोणकोणत्या अपेक्षा बाळगल्या, हे पाहू गेल्यास एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. समज निर्माण व्हावी म्हणून केलेला नियम कालांतराने समजेच्याच जागी जाऊन बसतो. विद्यार्थी नियम पाळतो, अध्यापक समाधान पावतो, आणि समज मात्र होती तेथेच राहते.

१

चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ते मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक. विद्यार्थ्याने शास्त्र ग्रंथावरून पाठ न करता स्वतःच्या हातांनी शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. पदार्थविज्ञानापुरता या आग्रहाला मूर्त आधार मिळाला तो १८८४ मध्ये उघडलेल्या जेफर्सन प्रयोगशाळेने. तथापि विद्यापीठात येणारा विद्यार्थी शाळेतून घोकंपट्टी करूनच येत असेल, तर या प्रयोगशाळेचा लाभ त्याला उशिरा व अपुरा होणार, हे उघड होते. म्हणून सुधारणेचा आरंभ प्रवेशाच्या नियमांपासून करण्यात आला.

१८८६ मध्ये विद्यापीठाने प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांपुढे नवा पर्याय ठेवला. पाठ्यपुस्तकावरील परीक्षेऐवजी ज्याला प्रयोगाधिष्ठित परीक्षा द्यावयाची असेल, त्याने शाळेत किमान ४० प्रयोग स्वतः केलेले असावेत, त्यांची वही शिक्षकाच्या सहीने प्रमाणित करून आणावी, आणि लेखी परीक्षेबरोबर प्रयोगशाळेतील परीक्षाही द्यावी. हे प्रयोग कोणते व ते कसे करावयाचे, याची वर्णनात्मक यादी तयार करण्याचे काम एडविन हॉल यांच्याकडे आले. विद्युत्प्रवाह वाहणारा वाहक चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता प्रवाहाच्या आडव्या दिशेने विद्युद्दाब निर्माण होतो, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम त्यांनी १८७९ मध्ये, विद्यार्थिदशेतच, शोधून काढला होता. १८८१ पासून ते हार्वर्डला अध्यापन करीत होते.

हॉल यांच्या यादीचा भर मापनावर होता. घनता, तरफ, घर्षण, विशिष्ट उष्णता, भिंगाचे नाभ्यंतर इत्यादी प्रकरणांत विद्यार्थ्याने साध्या उपकरणांनी राशी मोजाव्यात, त्या वहीत नोंदवाव्यात आणि त्यांवरून निष्कर्ष काढावा, अशी योजना होती. या एका नियमाचा प्रभाव विद्यापीठाच्या आवाराबाहेर दूरवर पसरला. ज्या शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या, त्यांना त्या उभारणे भाग पडले; उपकरणांचे विक्रेते यादीबरहुकूम संच विकू लागले. १८९२ मध्ये एलियट यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या दहा जणांच्या समितीने माध्यमिक शिक्षणाचा विचार केला, तेव्हा शास्त्रविषयांत प्रयोगांना मोठे स्थान मिळाले.

२

यादीमागील हॉल यांचा हेतू यांत्रिक नव्हता. १९०२ मध्ये अलेक्झांडर स्मिथ यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अध्यापनविषयक ग्रंथात त्यांनी आपली भूमिका विशद केली. विद्यार्थ्याला सर्व नियम स्वतः शोधून काढण्यास सांगणे त्यांना अव्यवहार्य वाटे. पण प्रयोगाचे फलित आधीच सांगून टाकणेही त्यांना मान्य नव्हते. निरीक्षण पूर्वग्रहाने दूषित होऊ नये इतपत विद्यार्थी फलिताविषयी अनभिज्ञ असावा, आणि त्याचे अनुमान त्याच्या स्वतःच्या नोंदींशी जुळावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

परंतु नियमपत्रिकेत हेतू लिहिता येत नाही, संख्याच लिहिता येते. प्रयोग ४० आहेत की नाहीत, वहीवर सही आहे की नाही, हे तपासणे सोपे. नोंद करतेवेळी विद्यार्थ्याच्या मनात जिज्ञासा होती की नाही, हे तपासणार कोण? ज्या पाठांतराचे उच्चाटन करावयाचे होते, तेच आता मापनाचा वेष घेऊन परतण्याची वाट मोकळी झाली. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स रिबोर्ग मान यांच्या पुढाकाराने १९०६ च्या सुमारास पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांची जी नवी चळवळ उभी राहिली, तिचा आक्षेप याच स्वरूपाचा होता. काटेकोर मापनाच्या सोसापायी विद्यार्थ्याच्या अनुभवातील प्रश्न मागे पडले आहेत आणि हा विषय त्याला निर्जीव वाटू लागला आहे, असे या शिक्षकांचे म्हणणे होते.

३

याच विद्यापीठात सुमारे शंभर वर्षांनंतर हाच प्रश्न नव्या रूपाने उपस्थित झाला. एरिक माझूर हे १९८४ पासून वैद्यक व अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रारंभिक पदार्थविज्ञान शिकवीत होते. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतील कठीण उदाहरणेही विद्यार्थी सोडवीत. असमाधानास कारण नव्हते. १९९० मध्ये इब्राहिम हल्लून व डेव्हिड हेस्टेनीस यांचे १९८५ मधील लेख त्यांच्या वाचनात आले. नेहमीचे अध्यापन घेऊनही बल व गती यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या लौकिक कल्पना फारशा बदलत नाहीत, असा त्या लेखांचा निष्कर्ष होता. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे खरे नसावे, अशा विश्वासाने माझूर यांनी त्याच धर्तीची चाचणी दिली.

चाचणीत गणित नव्हते. रोजच्या भाषेतील साधे प्रश्न होते. त्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले की, या प्रश्नांची उत्तरे वर्गात शिकविल्याप्रमाणे लिहावयाची, की तिला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? या विचारणेत साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. एखाद्या समाजात व्यवहाराची बोली एक आणि समारंभाची भाषा दुसरी असावी, तशी त्या विद्यार्थिनीच्या मनात जगाची दोन वर्णने शेजारी शेजारी नांदत होती. ‘बल’ हा शब्द दोहोंत होता, पण त्याचा अर्थ एक नव्हता. मालमोटार व छोटी मोटारगाडी यांची टक्कर झाली, तर न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीही मालमोटारीने अधिक बल लावले असे सहज म्हणतो. कारण नियम समारंभाच्या भाषेत शिकलेला असतो, आणि टक्कर बोलीत झालेली असते.

माझूर यांनी पुढे परीक्षेत दोन प्रकारचे प्रश्न एकत्र घालून पाहिले. एकात विद्युन्मंडलातील प्रवाह व विद्युद्दाब गणिताने काढावयाचे होते. दुसऱ्यात तीन सारखे दिवे एकसरीने जोडलेले असून तिसऱ्या दिव्याला समांतर अशी एक कळ होती. कळ दाबल्यावर प्रत्येक दिव्याचा प्रकाश वाढेल, घटेल की तसाच राहील, हे सांगावयाचे होते. तिसरा विझतो व उरलेले दोन अधिक प्रखर होतात, हे अध्यापकाला उघड वाटणारे उत्तर. तरी विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळाले ते गणिती प्रश्नात. कृती येत होती. जिची ती कृती, ती वस्तू दिसत नव्हती.

४

१९९१ पासून माझूर यांनी अभ्यासक्रमाच्या अपेक्षाच बदलल्या. नेमलेला भाग विद्यार्थ्याने व्याख्यानापूर्वी वाचून यावा. वर्गात थोड्या विवेचनानंतर एक संकल्पनात्मक प्रश्न विचारला जाई. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तर नोंदवावे, मग शेजाऱ्याशी वाद करून त्याला आपले म्हणणे पटवावे, आणि पुन्हा उत्तर द्यावे. परीक्षेत संकल्पनात्मक प्रश्नांना स्थान मिळाले. एकाचे यश दुसऱ्याचे अपयश ठरू नये, म्हणून इतरांच्या तुलनेने श्रेणी देण्याची रीत सोडून निश्चित मापाने गुण देण्याचा पुरस्कार झाला. सहकार्य हवे असेल तर नियमांनी स्पर्धेला बक्षीस देऊ नये, एवढे साधे तत्त्व यामागे होते.

कॅथरिन क्राउच व माझूर यांनी २००१ मध्ये दहा वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बलविषयक चाचणीत जेवढी सुधारणा शक्य होती, तिचा १९९० मध्ये, रूढ पद्धतीने, केवळ ०.२५ इतका अंश साधला होता. १९९१ मध्ये तो ०.४९ व १९९७ मध्ये ०.७४ झाला. विषय तोच होता. बदलली होती ती अपेक्षा.

५

तथापि अपेक्षा दोन्ही बाजूंनी असतात. विद्यापीठ विद्यार्थ्याकडून काही अपेक्षिते, तसा विद्यार्थीही ‘शिकणे म्हणजे काय’ याची एक कल्पना घेऊन वर्गात येतो. मेरिलँड विद्यापीठातील एडवर्ड रेडिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या कल्पनांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रानंतर पदार्थविज्ञानाविषयीचे विद्यार्थ्यांचे दृष्टिकोन सुधारण्याऐवजी तज्ज्ञांच्या दृष्टिकोनापासून अधिकच दूर गेल्याचे तीत आढळले. न शिकविता शिकविला गेलेला हा धडा होता.

हार्वर्डमध्येच लुई डेलॉरिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याची दुसरी बाजू पुढे आणली. प्रारंभिक पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे गट करून एकाला सुबक व्याख्यान देण्यात आले, तर दुसऱ्याकडून तीच सामग्री प्रश्न सोडवीत शिकून घेण्यात आली. पुढील पाठाला गटांची अदलाबदल झाली. चाचणीत अधिक गुण मिळविले ते स्वतः झटणाऱ्यांनी, पण आपण अधिक शिकलो असे वाटले व्याख्यान ऐकणाऱ्यांना. ओघवते विवेचन ऐकताना आपल्यालाही सारे उमगले असा भास होतो. स्वतः चाचपडताना अज्ञानाची जाणीव टोचत राहते. म्हणून ही अडखळ अपयशाची खूण नसून शिकण्याची आहे, हे विद्यार्थ्याला आरंभीच सांगितले पाहिजे, असा या संशोधकांचा आग्रह आहे.

हॉल यांची प्रमाणित वही आणि माझूर यांचा वर्गातील प्रश्न यांत साधनांचा भेद असला, तरी दोघांना हवे होते ते एकच : विद्यार्थ्याचा निष्कर्ष त्याचा स्वतःचा असावा. पहिल्या नियमाचे जे झाले ते दुसऱ्याचे होणार नाही, याची हमी कोणतीही नियमपत्रिका देऊ शकत नाही. शेजाऱ्याशी वाद करण्याचाही उपचार होऊ शकतो. नियम जिवंत राहतो तो, वर्गात शिकविलेले लिहू की मला वाटते ते लिहू, असे विचारणारा विद्यार्थी आणि त्या प्रश्नाने अस्वस्थ होणारा अध्यापक, हे दोघे वर्गात असतील तोवरच.